तांदळाच्या डब्यातला चष्मा

आमच्या घरात गुप्तता राखण्याचं एकच साधन आहे, आणि ते म्हणजे मराठी.

आमचे पूर्वज दरबारच्या कारकुनीसाठी उज्जैनला आले आणि परत जायचं राहून गेलं. तेव्हापासून दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत मराठी, अशी व्यवस्था आहे (आतल्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली असते की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं सहानुभूतीने ऐकतात). या मराठीचा आम्हाला होणारा उपयोग साहित्यिक नाही. देवास गेटच्या बाजारात साडीवाल्यासमोर बसून माझी पत्नी सुलभा हसतमुखाने म्हणते, "रंग जाणार हिचा. उठल्यासारखं करा." मी उठल्यासारखं करतो. साडीवाला "अरे, बैठिए ना भाभीजी" म्हणतो आणि दुसरा गठ्ठा काढतो. त्याला आमचं बोलणं समजत असावं, असा संशय मला अधूनमधून येतो. पण पुरावा नसलेली गोष्ट मी छापत नाही. माझी हयात एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर गेली आहे.

त्यामुळे आमची मुलगी गार्गी हिने स्वतः निवडलेल्या मुलाची माहिती देताना शेवटी जे सांगितलं, त्याने घरात घबराट पसरली.

"अनुज नाव. माझ्याच ऑफिसात आहे. रतलामचे आहेत, हिंदीवाले, पण एकदम साधे लोक. रविवारी येतायत सगळे. शेवटचं हो-नाही त्याच्या आजीचं असतं, अम्माजींचं. म्हणून जरा सांभाळून. आणि हो, तो स्मार्ट चष्मा घालतो."

"स्मार्ट म्हणजे? फॅशनवाला?" सुलभाने विचारलं.

"कॅमेरा असतो त्यात. फोटो निघतो, रेकॉर्डिंग होतं. समोरचा बोलेल त्याचा तर्जुमा पण करून देतो."

"मराठीचा पण?" हा प्रश्न अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाली, पण वर्ग संपलेला नाही.

"करत असेल," गार्गी म्हणाली. (या माहितीची मी पडताळणी केली नाही.)

"मग आम्ही बोलायचं कशात?"

"हिंदीत बोला ना, आत्या!"

"त्यांच्याबद्दल, त्यांच्यासमोर, हिंदीत? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"त्यांच्याबद्दल बोलूच नका!"

या सूचनेवर चर्चा झाली नाही.

रविवारपर्यंत मी जनमत अजमावलं. माधव नगरातल्या आमच्या भिंतीला भिंत लागून तिवारीजी राहतात. त्यांना मी चष्म्याबद्दल सांगताच त्यांचा चेहरा उतरला. "सर, ये तो बहुत गलत बात है. आदमी की कोई प्राइवेसी होती है कि नहीं?" तिवारीजींच्या घराला चारी बाजूंनी कॅमेरे आहेत. त्यातला एक आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून आहे. मी त्याकडे बोट दाखवलं. "अरे, वो तो सुरक्षा के लिए है," ते म्हणाले आणि जाता जाता "आज भिंडी बनी है ना?" असंही विचारून गेले. राम घाटावरच्या आमच्या गुरुजींचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, समोर कॅमेरा दिसला की आपण मंत्र सगळे म्हणतो. बाकीच्या दिवशी काय करता, हे मी विचारलं नाही.

मग मी कागदपत्रं काढली. अशा चष्म्यांवरचा एक मजकूर मीच कधीतरी संपादित केला होता. त्यात लिहिलं होतं की फ्रेमच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा असतो आणि रेकॉर्डिंग किंवा तर्जुमा सुरू झाला की तो लागतो. त्यावरून मी योजना आखली. अक्काने अनुजच्या बरोबर समोर बसायचं आणि दिव्यावर लक्ष ठेवायचं. दिवा लागला की "गर्मी बहुत है" म्हणायचं, म्हणजे सगळ्यांनी हिंदीत यायचं. दिवा विझला की "अब ठीक है" म्हणायचं, म्हणजे मराठीची मुभा.

"विनू, योजना चांगली आहे," अक्का मला म्हणाली. "फक्त थंडीचे दिवस आहेत."

मी म्हणालो, तपशिलात शिरू नकोस.

गार्गीला यातलं काही सांगितलं नाही. शिवाय अक्काचा एक नियम होता: मुलगी लगेच समोर यायची नाही, आपण हाक मारू तेव्हाच माडीवरून खाली यायचं. (मुलगा आणि मुलगी गेली काही वर्षं एकाच टेबलावर डबा खात होते. अक्काच्या मते त्याचा इथे संबंध नव्हता.)

रविवारी पाहुणे आले. अनुजचे वडील, अनुजची आई, अम्माजी आणि अनुज. अम्माजींचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, अंगावर शाल. त्यांना खुर्चीत बसवण्यात आलं. "अम्मा बोलती कम हैं," अनुजच्या वडिलांनी सांगितलं. त्यांच्या काळ्या चष्म्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या चष्म्याकडे होतं.

तो जाड काड्यांचा, काळ्या फ्रेमचा, दिसायला अगदी साधा चष्मा होता. अनुजने वाकून नमस्कार केला. सुलभाने पदर सारखा केला आणि त्याच्या भुवईच्या वर पाहत, बातम्या वाचतात त्या आवाजात म्हणाली, "आपका हमारे निवास पर हार्दिक स्वागत है."

मग अक्का म्हणाली, "गर्मी बहुत है."

आमच्या दिवाणखान्यात ट्यूबलाइट आहे. ती अनुजच्या फ्रेमवर चमकत होती. तो जरा हलला की अक्काला दिवा लागल्याचा भास होई आणि स्थिर झाला की विझल्याचा.

"अब ठीक है," अक्का म्हणाली. आणि लगेच, "गर्मी बहुत है."

अनुजचे वडील भिडस्त गृहस्थ होते. त्यांनी स्वेटर काढला. गोंधळलेल्या सुलभाने उठून पंखा लावला. अनुजच्या आईने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. अम्माजींनी शाल डोक्यावर ओढली. बाहेर लोक शेकोटी पेटवून बसले होते!

"बिटिया की पढ़ाई यहीं हुई, भाई साहब?" अनुजच्या आईने मला विचारलं.

अक्का गरम होत असल्याचं सांगत होती. मी सावध झालो. "इस विषय में जो जानकारी उपलब्ध है, वह आपको दी जा चुकी है," मी म्हणालो.

"मकान अपना ही है?" वडिलांनी विचारलं.

"इस पर अभी टिप्पणी करना उचित नहीं होगा."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. हे लोक काहीतरी लपवत आहेत, असा त्यांचा समज होत असल्याचं स्पष्ट दिसत होतं. (तो समज बरोबर होता.) तेवढ्यात अनुजला काय ते उमगलं. मुलगा हुशार आहे.

"अंकल, शायद चश्मे की वजह से आप लोग थोड़ा… मैं उतार ही देता हूँ."

"नहीं नहीं, ऐसी कोई बात नहीं," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

अक्काने तो चष्मा माझ्या हातून रुमालात घेतला. "अंदर संभाल के रख देती हूँ," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने स्टीलचा तांदळाचा डबा उघडला, चष्मा मधोमध खोल पुरला, झाकण घट्ट बसवलं आणि वर वरवंटा ठेवला. बाहेर येऊन ती माझ्या कानाशी म्हणाली, "आता तिथून काही ऐकू येऊ दे त्याला!"

त्यानंतर आमच्या घरात जे घडलं, त्याला धरण फुटणं म्हणतात. इतका वेळ दाबून ठेवलेली मराठी एकदम बाहेर आली. चेहरे हसतमुख, हातात आग्रहाचे चमचे, आणि बोलणं असं:

"त्यांच्यापासून कचोरीची ताटली जरा लांब सरकव," अक्का सुलभाला म्हणाली, "नाहीतर तिवारीकडून मागवावी लागेल." मग वडिलांकडे वळून, "लीजिए ना, आपने तो कुछ लिया ही नहीं."

"साडी छान आहे हो आईची," सुलभा मला म्हणाली, "पण दुकानाची चिठ्ठी तशीच लटकून राहिलीये पदराला. सांगू का?"

"नको सांगू," अक्का म्हणाली. "मुद्दाम ठेवली असेल."

दरम्यान अनुजचं वागणं बदललं होतं. पुरणपोळीवर त्याने दुधाऐवजी ताक ओतलं आणि मन लावून खाल्लं. पाण्याचा पेला घ्यायला त्याचा हात उदबत्तीच्या घराकडे गेला. सुलभा पोळी वाढायला वाकली तेव्हा तो "बुआजी, बस" म्हणाला, आणि अक्का आली तेव्हा "आंटीजी, आप भी बैठिए." मग हात धुवायला उठला आणि कपाटाचं दार उघडून आत जाऊ लागला.

"काय हे? डोळे कसे बारीक करून राहिलाय बघ," अक्का म्हणाली. "काही घेतो की काय?"

"दिवसाढवळ्या?" सुलभा घाबरली. "अहो, गार्गीला माहीत असेल का?"

"शांत राहा," मी म्हणालो. "आपण निरीक्षण करू." आणि माझ्या निरीक्षणाचा नमुना म्हणून, अम्माजींकडे आदराने पाहत, मी पुढे म्हणालो, "सगळ्यात सुखी ही म्हातारी. दिसत नाही, ऐकू येत नाही. देवळातल्या मूर्तीसारखी आणून बसवलीये."

आम्ही तिघंही हसलो. आम्ही हसलो म्हणून पाहुणेही हसले. वातावरण पहिल्यांदाच मोकळं झालं. गार्गीला खाली बोलवायचं या भरात राहूनच गेलं.

एवढ्यात दारावर थाप पडली. तिवारीजी मोबाइल हातात धरून घाईघाईने आत आले.

"सर, माफ करना, मेहमान बैठे हैं, पर मुझे टेंशन हो गया. दीदी ने चावल के डिब्बे में कुछ गाड़ा है. मैंने कैमरे में देखा. चश्मा जैसा कुछ है!"

मोबाइल त्यांनी सर्वांना दिसेल असा फिरवला. चित्र सुस्पष्ट होतं. अक्का, डबा, रुमाल, वरवंटा. इतका स्वच्छ पुरावा मला नोकरीत कधी मिळाला नाही.

"मेरा चश्मा?" अनुज तिवारीजींच्या शेजारच्या खांबाला म्हणाला.

"चावल में?" अनुजच्या आईने विचारलं.

"क्यों?" वडिलांनी कचोरी खाली ठेवली. त्या दुपारी हे प्रथमच घडत होतं.

गलका ऐकून गार्गी माडीवरून धावत आली. तिला एका नजरेत सगळं समजलं. "अनुज, चश्मा कहाँ है तुम्हारा? बाबा, नंबरचा चष्मा आहे तो! त्याशिवाय त्याला हातभरापलीकडे दिसत नाही! आणि कॅमेरा तो घरूनच बंद करून आला होता, तुम्हाला संकोच नको म्हणून!"

मुलीचं लग्न माझ्यासमोर मोडत होतं. गार्गीचे डोळे भरून आले होते, आणि अनुजचे आईवडील स्वेटर आणि पर्स शोधू लागले होते. अशा वेळी अक्का डगमगत नाही. ती चेहरा निर्विकार ठेवून मला मराठीत म्हणाली, "विनू, सांग त्यांना, पाणी सांडलं होतं चष्म्यावर. ओला मोबाइल ठेवतात ना तांदळात, तसा ठेवला सुकायला."

मी अनुजच्या वडिलांकडे वळलो. "बात ये है कि चश्मे पर थोड़ा पानी गिर गया था…"

"पाणी कुठे सांडलं होतं?" खोलीत एक आवाज आला. "उगाच खोटं कशाला बोलता?"

मराठी शुद्ध होती. क्रियापद जागेवर, उच्चार स्वच्छ. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो, कारण आमच्यापैकी एवढी चांगली मराठी कोणीच बोलत नाही.

अम्माजींनी काळा चष्मा किंचित वर केला. "माझं माहेर देवासचं. शेजारी सगळी मराठी घरं. त्यांच्याच स्वयंपाकघरात वाढले मी."

त्यानंतर त्यांनी जो वृत्तान्त दिला, तो कोणत्याही टिपणाशिवाय आणि क्रमवार होता. कचोरीची ताटली कोणी सरकवायला सांगितली, काही घेतो की काय हे कोणी विचारलं, दिवसाढवळ्या हा शब्द कोणाचा. एकही विधान इकडचं तिकडे झालं नाही. असे बातमीदार मला आयुष्यभर हवे होते. "आणि ती चिठ्ठी सुनेने मुद्दाम नाही हो ठेवली," त्या सुलभाला म्हणाल्या. "मी सकाळीच पाहिली होती."

"मग सांगितलं नाही तुम्ही?" सुलभाच्या तोंडून निघून गेलं.

"कोणाला सांगू? मजा वाटून घ्यायला कोणी पाहिजे ना!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी उभा होतो. आणखी उभा राहिलो.

"आणि मूर्तीला अजून पुरणपोळी वाढलेली नाही, व्याही."

व्याही! हा शब्द आधी गार्गीला समजला, मग सुलभाला, सर्वांत शेवटी मला. सुलभा ताट आणायला धावली. अम्माजींनी गार्गीला जवळ बसवलं आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लग्न होऊन रतलामला आले तेव्हापासून मराठी तोंडातल्या तोंडात बोलते मी. सून गुणी आहे माझी. पण तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलायची सोय नाही. ही मुलगी मला पाहिजे. लवकरचा मुहूर्त काढा."

"अम्मा, क्या कह रही हैं आप?" ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं, त्या सूनबाईंनी कौतुकाने विचारलं. सासूबाईंना एवढं बोलताना त्यांनी कधी पाहिलं नसावं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एव्हाना अक्काने चष्मा आणून दिला होता. अनुजने तो पुसून डोळ्यांवर चढवला (एक तांदूळ बिजागरीत अडकलाच होता) आणि उत्साहाने म्हणाला, "एक मिनट, मम्मी. इसमें ट्रांसलेशन है. चालू करता हूँ." त्याचं बोट काडीकडे गेलं.

अम्माजी हसत हसत मला म्हणाल्या, "व्याही, तो दिवा लागला तर लग्न मोडलं समजा."

मी पुढे झालो. "अम्माजी कह रही हैं," मी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "कि लड़की पसंद है."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. डेस्कवर माझ्या हातून अनेक बातम्या कापल्या गेल्या, पण इतक्या कसोशीने एकही नाही.

अनुज बोटाने काडी चाचपत राहिला. मग हिरमुसून म्हणाला, "अरे, इसमें तो मराठी है ही नहीं."

आमच्या घरातून आणि अम्माजींच्या खुर्चीतून एकाच वेळी सुस्कारा निघाला. थोडक्यात, आम्ही पहिल्यापासून निर्धास्तपणे मराठीत बोलू शकलो असतो. काळ्या चष्म्याला विचारून, एवढंच.

लग्न उन्हाळ्यात झालं. देण्याघेण्याचा विषय अनुजच्या वडिलांनी निघूच दिला नाही. फक्त अम्माजींनी फोन करून मला एक वस्तू मागितली. "तो डबा रुखवतात ठेवा. अनुज म्हणतो, मराठी पण येणार आहे चष्म्यात. आम्हा दोघींना लागेल."

त्यामुळे रुखवतात लाडू, अनारसे आणि मोत्यांच्या तोरणाशेजारी आमचा तांदळाचा डबा मांडलेला होता. लोक कुतूहलाने विचारत होते, हा कशाला? मी गंभीरपणे सांगत होतो, "सुरक्षा के लिए." अक्का शेजारी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल मराठीत मतं देत होती. ती देता देता तिने नेहमीप्रमाणे तिवारीजींच्या सफारी सूटबद्दलही एक मत दिलं. तिवारीजी समोरच उभे होते. त्यांनी सूटकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग वाकून झाकणावर टिचकी मारली.

"झाकण घट्ट बसतं ना, दीदी?" ते म्हणाले. मराठीत. "नाही, इतकी वर्षं भिंतीला भिंत आहे आपली. येऊन जातं माणसाला."

त्या दिवसापासून मी घरात हिंदीच बोलतो. ती सगळ्यांना समजते, एवढं तरी मला माहीत आहे.